क्रॅपी कधी धरला नाही

ओझीन नार्सिस धारेत गळ टाकत नाही. अचाफलाया नदीच्या भर प्रवाहात मासा थांबतच नाही, तो आडव्या पडलेल्या सायप्रसच्या झाडामागं, पाणी उलटं फिरतं तिथं दम खातो. तिथं ती जड शिसं लावून गळ सोडते आणि तोंड बंद. चाळीस वर्षं तोच काठ.

त्याच काठाला कुंपण घालायचं सरकारनं ठरवलं. "इथं मासे धरतंय कोण?" म्हणे. सुनावणीला मीच तिला साक्षीदार म्हणून नेलं. ओझीनमावशी बोलली की सगळ्यांची दातखीळ बसेल, अशी माझी खात्री.

सुनावणीच्या साहेबानं कागदावरचा एकुलता प्रश्न वाचला. "बाई, तिथं क्रॅपी मासा धरता?"

"नाही."

"कधीच?"

"जन्मात नाही. देवाशपथ!"

साहेबानं लिहिलं: काठ वापरात नाही.

मी ताडकन उठले. "मावशी, मग चाळीस वर्षं काय बेडूक धरता?"

"साकाले धरते! त्यानं साकालेचं विचारलं का?"

भिंतीवर माशांचा तक्ता होता. चपट्या, काळ्या ठिपक्यांच्या माशावर मी बोट ठेवलं. "हा कोण?"

"साकाले. आंधळी समजलीस?"

"खालचं नाव वाचा, साहेब."

"क्रॅपी," साहेब पुटपुटला.

आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या म्हाताऱ्यांनी पांढऱ्याशुभ्र मांसावरून त्याला दुधाची पिशवी म्हटलं, फ्रेंचमध्ये तेच साकाले. हे मला ठाऊक होतं. तिला आधी सांगायचं मात्र सुचलं नाही.

मावशी तक्त्याकडं बघतच राहिली. "म्हणजे मी खोटं बोलले?"

"नाही."

"मग खरं बोलले?"

मी साहेबाकडं वळले.

साहेबानं कागद पुढं सरकवला. "आधीची साक्ष चुकीची होती, एवढ्यावर सही करा."

"शपथेवर बोललेय मी. खोटारडी म्हणून सही करू?"

"मावशी, काठ जाईल!" मी ओरडले.

"ओरडू नको, मासे पळतात." तिनं कपाळ चोळलं. "लिहा साहेब. क्रॅपी धरला नाही. साकाले धरते, त्याच काठावर. ते दोघं एकच की दोन, तुमचं तुम्ही बघा."

साहेबानं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी तिचं म्हणणं लिहून घेतलं, 'काठ वापरात नाही' हे खोडलं, आणि कुंपण पुढच्या सुनावणीपर्यंत थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायप्रसमागून तिनं एक ठिपक्यांचा मासा ओढला. बादलीत टाकायच्या आधी तोंडासमोर धरून बराच वेळ न्याहाळला.

"मेल्या, काल बोलला असतास तर?"