न दुखणारा पाय

आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशीच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, साताऱ्याच्या चर्चमध्ये पाच-सहा जण उठून तिच्याबद्दल बोलले. कुणी तिला सेवेची मूर्ती म्हणालं, कुणी मेणबत्ती म्हणालं, माझ्या एका मावसभावाने तर तिला थेट संतांच्या रांगेत नेऊन बसवलं. मग फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं. लोकांना वाटलं, लेकीला दुःखाने बोलवत नाही. दुःख होतंच, पण तोंड बंद होतं ते रागाने. ते उघडलं असतं तर मी एवढंच म्हणाले असते, की माझी आई उत्तम नर्स होती, पक्की कॅथलिक होती, आणि या दोन्हींची तिने अशी काही मोट बांधली की त्यात तिचा एक पाय गेला. वर त्याचं तिला काही वाटलंही नाही.

तिची निम्मी नोकरी दुष्काळी माण तालुक्यात झाली, एका छोट्या सरकारी दवाखान्यात. तिकडे कर्ते पुरुष मुंबईला, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं मेंढरांमागे रानोमाळ. पायात काटा मोडला, चप्पल चावली, की जखम तशीच अंगावर काढायची. त्यात शुगर असली तर पायाची जाणीवच गेलेली, म्हणजे चिघळेपर्यंत पत्ता नाही. शाळा सुटली की मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आईची वाट बघायची. आतून नेहमी तेच बोलणं कानावर यायचं.

"आवं सिस्टर, दुकतच न्हाई तर कशाला येऊ?"

"दुकत न्हाई, हीच तर बोंब हाय!" आई कडाडायची. "दुकतंय त्यो पाय जित्ता हाय. न दुकणाऱ्या पायाला भ्या."

मग ती कोपऱ्यातल्या नव्या केरसुणीची एक काडी मोडायची, धुऊन घ्यायची, म्हाताऱ्याला डोळे मिटायला लावायची आणि तळव्यावर जागोजाग काडी टेकवत विचारायची, "कळतंय का? हितं? आन् हितं?" काही म्हातारे तिला बरं वाटावं म्हणून काडी टेकवायच्या आधीच "कळतंय, कळतंय" म्हणायचे. मग त्यांना आणखी बोलणी बसायची.

घरात मात्र ती नर्स नव्हती, सरसेनापती होती. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे तिच्या हुकमावर अपील नव्हतं. संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, झाल्याशिवाय कुणाच्या ताटात काही पडायचं नाही, मग तो लांबून आलेला पाहुणा असो की भुकेने रडकुंडीला आलेली मी. भाच्यांच्या सोयरिकी, पुतण्यांची भांडणं, कुणाची दारू सोडवणं, कुणाचं बाळंतपण, सगळे खटले तिच्यापुढे चालायचे. आमच्याशी ती गावरान बोलायची, देवाशी छापील मराठीत. मला लहानपणी वाटायचं, देव शिकलेला आहे, म्हणून आई त्याच्यापुढे जपून बोलते.

आणि तिचं ते 'अर्पण'! या शब्दाने माझं बालपण नासवलं. गुडघा फुटला, दाढ ठणकली, पाळी आली, की आईचं उत्तर एकच: रडू नको, देवाला अर्पण कर. आपली कळ सोसून देवाला दिली की तिचं पुण्य दुसऱ्याला लागतं, असा तिचा विश्वास, आणि ते कुणासाठी अर्पण करायचं, तेही तीच ठरवायची. कधी मेलेल्या आजोबांसाठी, कधी शेजारच्या दारुड्यासाठी. दवाखान्यात हीच बाई पेशंटला सांगायची, सोसू नका, लगेच सांगा. तिथे दुखणं हे लक्षण होतं आणि घरात आलं की त्याचा नैवेद्य व्हायचा. हे एकाच डोक्यात कसं मावत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी सांगलीतल्या एका जैन घरात लग्न केलं, नोंदणी पद्धतीने. आई साक्षीदार म्हणून सही करायला आली, जेवली, जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या दिवसापासून तिच्या रोझरीत माझ्या नावाची एक प्रार्थना वाढली. मिस्साला जाणं मी त्याआधीच सोडलं होतं. मी परत यावं म्हणूनच ती प्रार्थना, हे मी धरूनच चालले.

शुगर आमच्याकडे पिढीजात. आईला उतारवयात लागली, मला चाळिशीतच. माझा रिपोर्ट मी तिला फोनवर सांगितला. तिने आधी आकडा विचारला, मग एकदम म्हणाली, "आजपास्नं घरातबी चप्पल घालायची. अनवाणी दिसलीस तर तंगडं मोडीन." हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे तिने जे केलं ते या वाक्याशेजारी ठेवूनच बघायला हवं.

पाचगणीला एका टेकडीच्या उतारावर क्रूस उभे केलेले आहेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात साताऱ्याची आमची मूठभर घरं गाडी करून तिकडे जातात आणि एकेका क्रुसापाशी गुडघे टेकत, प्रार्थना म्हणत वर चढतात. याला क्रुसाची वाट म्हणतात. बाकीचे पायात काहीतरी घालून चढतात. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात एकटीच राहणारी माझी आई त्या वर्षी अनवाणी चढली, आणि एकदा नाही, उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी. फादर स्वतः म्हणाले होते म्हणे, "सिस्टर, चपला घाला, खडे तापलेत."

"येशूनं घातलेल्या काय?" आईने विचारलं. फादर पुढच्या क्रुसाकडे वळले.

मला यातलं काही माहीत नव्हतं. ईस्टरनंतर मी साताऱ्याला गेले, तर दारातच वास आला. नर्सच्या मुलीला तो वास ओळखता येतो. आई भर उन्हाळ्यात पायमोजे घालून बसली होती.

"पाय दाखव," मी म्हटलं.

"काय न्हाई, जरा फोड आलाय."

मी जवळजवळ झटापट करूनच मोजा काढला. आत तिने केलेलं ड्रेसिंग होतं, अगदी सुबक, कडा दुमडून चिकटवलेल्या. त्याच्याखाली अंगठा काळा पडला होता आणि तळवा अर्ध्यापर्यंत गेलेला होता.

"दुखत नव्हतं का गं तुला?" मी ओरडलेच.

यावर तिचा चेहरा उजळला. ते उजळणं मी अजून विसरू शकत नाही. "न्हाई ना! फुफाट्यातनं चालले, खड्यांवनं चालले, पण पायाला कायसुदिक कळलं न्हाई. मी अर्पण केलतं न्हवं? देवानं घेतलं त्ये."

माणातल्या म्हाताऱ्यांना न दुखणाऱ्या पायाला भ्यायला शिकवणारी बाई मला सांगत होती, की तिचा पाय देवाच्या कृपेने दुखत नाही! अडाणी माणूसही न दुखणाऱ्या पायाला कृपा म्हणणार नाही, तो फार तर 'बघू' म्हणेल. धर्म न मानणारी नर्स तर पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे जाईल. ही चूक करायला माझी आईच लागते. मी तिला वाट्टेल ते बोलले. ती शांतपणे ऐकत होती, आणि मला खात्री आहे, माझी बोलणीसुद्धा तिने कुणासाठी तरी अर्पण करून टाकली असणार.

सांगलीला आणून दवाखान्यात दाखवलं. बोटांवर भागायची वेळ निघून गेली होती. गुडघ्याच्या खालून पाय काढावा लागला.

त्यानंतर ती माझ्या घरी राहिली. मला वाटलं होतं, निदान आता हे थांबेल. पण पाय गेला आणि त्यानंतर दुखायला लागला! नसलेला अंगठा ठणकायचा, नसलेल्या टाचेत सुया टोचायच्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, ही दुखणी खरी असतात, मेंदूला पाय गेल्याचं उमगत नाही. गोळ्या आहेत, आराम पडेल. मी गोळ्या आणल्या. आईने पाकीट हातात घेतलं, मागचंपुढचं सगळं वाचलं, कुठली गोळी कशी काम करते ते मला समजावून सांगितलं, आणि पाकीट उशाशी ठेवून दिलं.

"घे ना."

"ऱ्हाऊ दे. दुकतंय तवर बरं हाय."

त्यावर माझ्या सासूबाई भारावल्या. त्या स्वतः पर्युषणात कडक उपास करणाऱ्या. "केवढी तपस्या आहे गं तुझ्या आईची!" त्या मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. मग दोघी दुपारी शेजारी शेजारी बसायच्या, एकीच्या हातात रोझरी, दुसरीच्या हातात जपमाळ, आणि आई कळ आली की डोळे मिटून पलंगाची कड घट्ट धरायची. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडायची. ते मी बघायचं, आणि घरात सगळ्यांनी त्याला तपस्या म्हणायचं. माझ्या बाजूने बोलणारं कुणीच नव्हतं. एकदा मी गोळी कुटून आंबिलीत घातली. आईने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "पेशंटला न सांगता आवशीद देत्यात व्हय?" ती म्हणाली. आंबील मला मोरीत ओतावी लागली.

मी सांगलीच्या फादरांना घरी बोलावलं. ते बिचारे चांगले होते. त्यांनी तिला समजावलं, की औषध नाकारावं असं चर्च कुणाला सांगत नाही, वेदना कमी करून घेणं हे पाप नाही. आईने ऐकून घेतलं, त्यांना चहा द्यायला मला सांगितलं, आणि म्हणाली, "फादर, मला ठावं हाय त्ये. ह्ये माजं खाजगी हाय." फादर चहा पिऊन गेले.

शेवटी मी स्वतःच माघार घ्यायचं ठरवलं. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "आई, तू जिंकलीस. मी रविवारपासून मिस्साला येते. दर रविवारी येईन. तू गोळी घे."

ती खळखळून हसली. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच. "म्हंजी ह्ये समदं तुज्या मिस्सासाठी चाललंय आसं वाटतंय व्हय तुला? तुजं आन् देवाचं तुमी बघून घ्या. तुमी काय ल्हान हाय का?"

"मग कशासाठी?"

तिने सासूबाईंना केरसुणीची एक काडी मागितली. मला म्हणाली, "चप्पल काड. पाय हितं ठेव, माज्या मांडीवर. डोळं मिट."

मी डोळे मिटले.

"कळतंय का?"

"हो."

"हितं?"

"कळतंय गं."

"टाचंला? आन् ह्या बोटाला?"

"कळतंय, कळतंय."

"हां," ती म्हणाली, "मग झालं तर. गोळ्या ठेव तितंच."

मी डोळे उघडले तेव्हा ती काडी मोडून टाकत होती. म्हणजे माझा रिपोर्ट आला त्या दिवसापासून हे चाललं होतं. पाचगणीच्या त्या तापलेल्या खड्यांवर ती माझ्या पायांसाठी चढली होती. मला हुंदका यायला हवा होता. मला आला तो संताप. "माझे पाय माझ्या गोळ्यांनी नीट आहेत!" मी ओरडले. "मी रोज चालते, पथ्य पाळते, तपासण्या करते. तू तुझा पाय घालवलास आणि त्याने माझं काहीही झालेलं नाही, कळलं तुला? काहीही नाही!"

"आसंल की," आई म्हणाली. "तू तुज्या गोळ्या घी. मी माजं करते. दोनीबी करायला काय जातंय?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? माझे पाय बिघडले असते तर तिने आणखी अर्पण केलं असतं. नीट राहिले, तर श्रेय तिच्याकडे. तिने असा डाव मांडला होता की मी कुठूनही खेळले तरी जिंकायची तीच. पुढच्या थंडीत तिचं हृदय थकलं आणि ती गेली. गोळ्यांच्या पाकिटातली मी कुटलेली ती एकच गोळी कमी होती.

वर्षाच्या मिस्सानंतर आम्ही तिच्या कबरीवर गेलो. साताऱ्यातच, वडिलांच्या शेजारी ठेवलंय तिला. कडेने गवत वाढून वाळलं होतं. बाकीचे फुलं ठेवून, मेणबत्त्या लावून प्रार्थना म्हणत होते. मी वाकून गवत उपटायला लागले, सगळा राग त्या गवतावर काढत. एक झुडूप काही केल्या निघेना. जोर लावला तशी चप्पल निसटली, पाय बाजूला पडला, आणि टाचेत सराटा घुसला.

कळ पार मांडीपर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं. मी कबरीच्या कडेला टेकले, पाय मांडीवर घेतला आणि सराटा उपसला. रक्ताचा एक थेंब आला. सासूबाई धावत आल्या. "फार दुखतंय का गं?"

"दुखतंय," मी म्हटलं. खूप दुखत होतं. अगदी बारीक, नेमकं, टाचेच्या कुठल्या बाजूला ते बोट ठेवून सांगता येईल इतकं दुखत होतं, आणि ते जिला सांगायचं ती माझ्या शेजारी, मातीखाली, नेहमीसारखी जिंकून झोपली होती.