साक्षीची काच

त्याचे हात कायम फुटलेले असत. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा, तळव्यांना खरखर. कामावर त्याला कोरडोबा म्हणत. हातांमुळे म्हणत की स्वभावामुळे, हे त्याने कधी विचारलं नाही. आरशाच्या खोलीत क्रीम, तेल, अत्तर लावून जायला सक्त मनाई होती. एकावर एक दोन हातमोजे घालूनही मनाई. ओशट हात मोजे चढवतानाच बाहेरून मोज्याला लागतो, आणि मोजा पुढे सगळ्याला.

आरसा अंतराळात जाणाऱ्या दुर्बिणीचा होता. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती धुळीची आणि वायूची तबकडी फिरत असते. पुढे तिच्यातून ग्रह होतात. तबकडीतला वायू ताऱ्यावर कोसळतो तिथून अतिनील प्रकाश निघतो. तो हवेतून खाली पोचत नाही, म्हणून दुर्बीणच वर न्यायची. एवढं त्याला मॅडमनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, समजावलं होतं. त्याला त्यातलं निम्मं कळलं. हा प्रकाश दिसत नाही, आणि तो गिळून टाकणारा ओशट थरही दिसत नाही. न दिसणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत न दिसणारी घाण बसू द्यायची नाही, हे त्याचं काम. त्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

आरशाशेजारी एक छोटी गोल काच ठेवत. तिला साक्षी म्हणत. आरशावर जे बसेल ते साक्षीवरही बसणार. आरशाला धक्का न लावता साक्षी उचलायची आणि तपासायला पाठवायची. दर आठवड्याला ती निर्मळ ठरून येई. या वेळी ती मंद आली, म्हणजे तिच्यावर थर होता.

त्याने ती उजेडासमोर धरली. आरपार स्वच्छ होती.

मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. "कोणी काही लावलं होतं का? मलम, काहीही?" सगळ्यांनी 'आम्ही नाही' म्हणत हात वर केले. कोरडोबाचेही वर गेले, पण जरा उशिरा.

कारण गेल्या आठवड्यातली एक दुपार. त्याची पाळी पहाटेची असे, म्हणून दुपारी घरी येऊन तो झोपे. अर्धवट झोपेत त्याला वाटलं होतं, कोणीतरी आपला तळवा चोळतंय. स्वप्न म्हणून त्याने कूस बदलली. दुसऱ्या दिवशी कामावर मोजे सहज चढले, एरवी ते चिरांना अडत. पण मोज्यांचा गठ्ठाही त्याच दिवशी नवा फोडला होता.

घरी आई होती. तिचं विसरणं आता घरच्याच माणसासारखं झालं होतं, उठतबसत बरोबर.

"आई, मी झोपलेलो असताना तू माझ्या हाताला काही लावलंस का?"

"लावते की रोज. हात बघ केवढे फुटलेत."

"काय लावतेस?"

"मी कशाला लावू? तू काय लहान आहेस?"

"आत्ता तर म्हणालीस."

"मग लावलं असेल," आई समजुतीने म्हणाली. "तू म्हणतोस तर लावलं असेल."

त्याने कपाटं, उशा, तिच्या चपलांचा खोका, सगळं धुंडाळलं. क्रीमची एक रिकामी नळी सापडली. ती किती दिवसांची होती, कुणास ठाऊक.

डबा खाताना त्याने डिंक्याला सगळं सांगितलं आणि विचारलं. डिंक्या म्हणजे भाग चिकटवणारा त्याचा सोबती. "सांगू का मॅडमना?"

"काय सांगणार? स्वप्न पडलं म्हणून?" डिंक्या हसला. "चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तुझा तर धंदाच चांदण्याचा. गप्प बस, आरशावरून काढतील तुला."

"नाही सांगितलं आणि माझाच हात असला तर?"

"आणि सांगितलंस आणि नसला तर? खरं कारण शोधायचं सोडून सगळे तुझ्या आईच्या मागे लागतील."

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. गप्प राहिलं तर आरसा बिघडणार, बोललं तरी आरसा बिघडणार. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो मॅडमसमोर उभा राहिला.

"माझा हात असू शकतो. नसूही शकतो."

"म्हणजे लावलं होतं की नव्हतं?"

"तेच कळत नाही." त्याने ती दुपार आणि आईचं बोलणं सांगितलं.

मॅडमनी कपाळ चोळलं. "थर इतका पातळ आहे की कशाचा ते ओळखायलाही पुरत नाही. तुम्ही तूर्त आरशापासून लांब राहा." मग त्यांनी ड्रॉवरमधून डबीत बंद केलेली एक साक्षी काढली. "ही घरी न्या. झोपताना उशाशी उघडी ठेवा. काय बसतं बघू."

दुपारी त्याने डबी उघडून उशाशी ठेवली आणि डोळे मिटून पडून राहिला. बऱ्याच वेळाने पावलं वाजली. आई पलंगाच्या कडेला टेकली. तिने त्याचा हात मांडीवर घेतला, डाव्या मुठीतून काहीतरी पिळल्यासारखं केलं आणि तळवा चोळू लागली. त्याने पापण्या किलकिल्या केल्या. मूठ रिकामी होती. कोरडी बोटं कोरड्या तळव्यावर फिरत होती, अंगठ्याच्या मुळाशी जरा जास्त वेळ.

आज रिकामी आहे. त्या दिवशी होती का? त्याला ओरडून विचारावंसं वाटलं. तो पडून राहिला.

मग आईला काच दिसली. तिने ती उचलली, तोंडाजवळ नेली, हाः करून वाफ सोडली आणि गाऊनच्या बाहीने घासूनपुसून लख्ख केली. पुन्हा डबीत ठेवली, झाकणही लावलं.

मॅडमनी तपासून आलेली घरची साक्षी त्याच्यासमोर ठेवली. "हिच्यावर काय नाही ते विचारा. थुंकी, साबण, अंगठा."

"आईने पुसली."

"छान पुसली," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, "आरशाजवळची या आठवड्याची साक्षी मात्र निर्मळ आली."

त्याने हात पाठीमागे घेतले. "म्हणजे मीच."

"तेही म्हणता येत नाही. तुम्हाला बाहेर काढलं त्याच दिवशी कोणीतरी शहाण्याने आरशाभोवती हल्लीच लावलेला प्लॅस्टिकचा नवा पडदाही काढला. नव्या प्लॅस्टिकमधूनही वाफा सुटतात, म्हणून जुना बसवला. दोन्ही गोष्टी एकदम. आता दोघांपैकी एकाला परत आणून बघावं लागेल. पडदा की तुम्ही."

त्याने समोरची साक्षी मॅडमकडे सरकवली.

"पडदा आणणार नाही मी," त्या म्हणाल्या. "सोमवारी या. पुन्हा मंद आली तर मात्र तुम्हीच, आणि मग कायमचं."

रविवारी दुपारी तो सुती मोजे घालून झोपला. आईने ते एकेक बोट सोडवत काढले, घडी घातली आणि चोळायला बसली. तिची मूठ रिकामी आहे की नाही, हे त्याला डोळे उघडून बघता आलं असतं. त्याने ते मिटूनच ठेवले. तिचं झाल्यावर तो उठला, नळाखाली हात धरले आणि धुऊ लागला. साबणाने चिरा झोंबत होत्या.

"अरे, किती वेळ?" आई बाहेरून म्हणाली. "एवढं काय लागलंय हाताला?"