गिरधर मास्तरांची काचपेटी

आमच्या देवपुरात गिरधर मास्तरांइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. तसबिरींना काचा बसवणाऱ्या नजीरभाईंच्या मागे लागून त्यांनी काचेची एक पेटी करून घेतली, वर्गाच्या खिडकीत ठेवली आणि तिच्यात पांझरा नदीचं पाणी, वाळू, शेवाळ, गोगलगायी आणि बोटभर मासे सोडले. शेवाळ माशांना कसं जगवतं, गोगलगाय काच कशी साफ करते, हे दाखवून झालं की म्हणायचे, "समुद्रातही असंच चालतं. फक्त तो खारट आणि फार मोठा." समुद्र पोरांनी पाहिला नव्हता. मास्तरांनी तरी कुठे पाहिला होता!

पेटी गळायची, मासे मरायचे. मास्तर पुन्हा नदीवर, एका हातात बादली, दुसरा कंबरेवर. "मास्तर, पगार शिकवायचा मिळतो, पाणी भरायचा नव्हे," असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे, पण हल्ली ते हसणंही दमलेलं असायचं. त्यात हेडमास्तरांनी बजावलं, "आता मेलेला मासा दिसला, तर पेटीत खडू ठेवीन." त्या दिवशी मास्तर घरी जेवले नाहीत. पेटी गेली तर आपल्याजवळ शिकवण्यासारखं काही उरत नाही, असं बायकोला म्हणाले.

पुढच्या सोमवारी सोमवती अमावस्या आली. मास्तर सकाळीच ताजं पाणी आणायला नदीवर गेले होते. परत येऊन बघतात तर पेटीभोवती ही गर्दी, आणि प्रत्येक पोराच्या हाताला कणीक. अमावस्येला माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, आणि आता तर मासे शाळेतच होते.

"मायनी दिधं शे, मास्तर," आईने दिलेला गोळा दाखवत एक पोरगी म्हणाली. पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं.

मास्तरांनी मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. दिवसभर ते कणीक उपसत राहिले, पण ती वाळूत बसली होती. शाळा सुटायच्या सुमारास मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, काही उलटे झाले. हेडमास्तर आले. खडूंचं खोकं घेऊन दारात उभे राहिले, बस्स.

उरलेले मासे मास्तरांनी बादलीतून नेऊन पांझरेत सोडले. रडू येत होतं, पण रडायलाही अंगात जोर नव्हता.

घराच्या दारात त्यांची बायको, सुंदरबाई, वाट पाहत उभी होती. या पेटीवरून तिने मास्तरांना किती टोमणे मारले असतील! आज मात्र चेहरा फुललेला.

"बठ्ठ्या बायासले मीच सांगं," ती म्हणाली. सगळ्या बायांना सांगणारी तीच होती. "मासा भुक्या मरतस, पोरेसना हाते कणीक धाडा म्हनं. खादी का मासासनी?" माशांनी कणीक खाल्ली की नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं.

मास्तरांनी रिकामी बादली भिंतीशी ठेवली.

"खादी," ते म्हणाले. "बठ्ठी खादी."