तेल मात्र स्वतःच्या हातानं

आमच्या घरात किस्से कुणी मुद्दाम सांगत बसत नाही, ते आपोआप साठतात. मागच्या अंगणात तेलाचे डबे साठलेत ना, तसे. एक उचलून टाकावा तर त्याच्यामागे दुसरा! वर्गात मैत्रिणी म्हणतात, "अगं, तुझ्या बाबांच्या गाडीचं सांग की." पण सगळ्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या की माझी वाचाच बसते. म्हणून लिहून काढते. आधीच सांगून ठेवते, यातलं निम्मं मला अजून समजलेलं नाही. बाबांनाही नाही.

बाबा हायस्कुलात गणित शिकवतात. एका सरदारसाहेबांच्या मुलांची शिकवणी त्यांच्याकडे होती. संस्थान विलीन झालं, सरदारसाहेब बेळगावला राहायला निघाले आणि जाताना त्यांनी आपली शर्यतीची गाडी बाबांना देऊ केली. हिरवी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. डोक्यावर टप नाही आणि बॉनेटवर घोड्याला बांधावा तसा चामड्याचा पट्टा!

"मास्तर, अट एकच," सरदारसाहेब म्हणाले. "हिच्या इंजिनाचं तेल दुसऱ्यानं बदललेलं मला खपत नाही. बारा वर्षं मी माझ्या हातानं बदललं. तुम्हीही स्वतःच बदलायचं. पुढच्या दसऱ्याला येऊन बघीन. जमलं असेल तर गाडी तुमची. नाहीतर परत नेईन."

बाबांनी तोवर फक्त सायकलच्या साखळीला तेल घातलं होतं. तरी ते "हो" म्हणाले. त्या संध्याकाळी ते मला गाडीतून पंचगंगेच्या घाटापर्यंत घेऊन गेले. येताना बाबा शीळ घालत होते. बाबांना शीळ घालता येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ही गाडी परत जाऊ नये असं मला त्या क्षणापासून वाटायला लागलं.

* * *

पहिलं तेल बदललं ते एका रविवारी. पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवून बाबा खाली शिरले. मी बाहेर उकिडवी बसून गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवत होते. तेल सोडायचं बूच सापडलं, सुटलं, तेल परातीत पडलं. मग बाबांनी वरून इंजिनात मोजून नवं तेल ओतलं. सगळं इतकं सरळ झालं की आईसुद्धा म्हणाली, "एवढंच होतं होय?"

मी पुस्तकाचं पान उलटलं. पुढच्या पानावर चित्र होतं. बाबांनी सोडलं होतं ते गिअरच्या पेटीचं बूच! म्हणजे गिअरपेटी कोरडी आणि इंजिनात जुन्यावर नवं, दुप्पट तेल. मला सांगायचं होतं, पण बाबा शेजारच्या चार माणसांना इंजिनाची माहिती देत होते. माणसांसमोर बाबांना चूक कशी सांगायची? मी पान बोटात धरून उभी राहिले. तेवढ्यात बाबांनी गाडी सुरू केली.

मंगळवार पेठेतली आमची अख्खी गल्ली निळ्या धुरानं भरून गेली. धुरातून कोपऱ्यावरच्या तालमीतले वस्ताद चालत आले. डोळे चोळत म्हणाले,

"मास्तर, औंदा दारातच गुऱ्हाळ घातलंसा व्हय?"

* * *

हे वस्ताद म्हणजे तालमीतल्या पोरांना कुस्ती शिकवणारे. माणूस फार भला. दुसऱ्या वेळी आम्ही चित्र बघून बरोबर बूच शोधलं, पण ते काही केल्या हलेना. वस्ताद म्हणाले, "जोर लावायचं काम हाय न्हवं? मग आमास्नी सांगा की!" त्यांनी बापू पैलवानाला बोलावलं.

बापू पैलवान छातीपर्यंतच गाडीखाली मावला. बाबा बाहेर बॉनेटजवळ उभे राहून सांगत होते, "डावीकडे फिरवा."

"कुणाच्या डावीकडं?" खालून आवाज आला.

बाबा विचारात पडले. वरून बघितलं तर डावी, खालून बघितलं तर उजवी. त्यांनी खिशातून खडू काढला आणि भिंतीवर आकृती काढायला सुरुवात केली. आकृती होईतो पैलवानानं आपल्या मनानं ठरवून जोर लावला. पान्ह्याचा कर्र असा आवाज आला. बापू बाहेर आला, अंग झटकलं आणि समाधानानं म्हणाला,

"काळजी सोडा मास्तर. आता ह्ये बूच तुमच्या नातवालाबी सुटायचं न्हाय!"

* * *

ते बूच सोडवायला बाबांना चार दिवस लागले. मग प्रश्न आला, तेल कुठलं घालायचं? पुस्तकात एक लिहिलेलं. पेट्रोल पंपावरचे म्हणाले दुसरं. सरदारसाहेबांचे जुने ड्रायव्हर दस्तगीरमामा आता रविवार पेठेत राहतात, बाबा त्यांच्याकडे गेले. मामा म्हणाले, "मास्तरसाब, रेसच्या टायमाला हिला एरंडेलच पाजत हुते. लई पळायची!"

बाबांना ते खरं वाटेना. पण जुन्या इंग्रजी मासिकात तसंच छापलेलं निघालं. शर्यतीच्या इंजिनाला खरोखरच एरंडेल! मग मी आणि बाबा पिशवीत डबा घालून किराणा दुकानात गेलो.

"एरंडेल द्या. चार शेर."

दुकानदार शेट्टींनी माप खाली ठेवलं. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, फार काळजीनं. मी लाजून पिशवीकडे बघायला लागले. ते हळूच म्हणाले,

"मास्तर, घरात माणसं तरी किती हैत तुमच्या?"

तेल घातलं. गाडी खरंच गुळगुळीत पळायला लागली. पण तिच्या धुराला एरंडेलाचा वास यायचा. पूर्वी गाडी गल्लीत शिरली की पोरं मागे धावायची. आता लांबून हॉर्न ऐकू आला तरी सगळी घरात पळून दारं लावून घ्यायची!

* * *

तेल किती आहे ते बघायला इंजिनात एक लांब पट्टी असते. ती काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. तेल वरच्या रेघेपर्यंत असलं की झालं. पुस्तकात हे दोन ओळींत आहे.

पण आमची गल्ली उताराची. गाडीचं तोंड तालमीकडे असलं की पट्टी सांगायची, तेल भरलंय. तोंड दुसऱ्या टोकाच्या देवळाकडे असलं की पट्टी सांगायची, तेल संपत आलंय. सकाळी एक, गाडी फिरवून आणल्यावर तिसरंच. बाबांनी आलेखाचा कागद घेतला, आठ दिवस मापं टिपली आणि एक वळणदार रेघ काढली. ती रेघ त्यांनी आईला दाखवली. आई तांदूळ निवडत होती. तिनं रेघ बघितली आणि म्हणाली,

"मग तिचं तोंड तालमीकडेच करून ठेवा ना. कायम भरलेली राहील!"

बाबांनी कागद उलटा धरून बघितला. मला वाटतं, ते त्याचा खरंच विचार करत होते.

* * *

काढलेलं काळं तेल टाकायचं कुठं हा आणखी एक घोळ. एकदा एक शेतकरी दारात आला. मुरगूडचा होता.

"पावणं, शर्यतीच्या गाडीचं तेल हितंच निघतंय न्हवं?"

"हो, पण ते वापरलेलं आहे," बाबा म्हणाले.

"मग तर बेस! पळायची सवं लागलेली आसंल की त्याला!"

त्याला ते आपल्या बैलगाडीच्या आसाला घालायचं होतं. शर्यत होती. बाबांनी त्याला वंगण म्हणजे काय, घर्षण म्हणजे काय हे सगळं समजावलं. त्यानं मान डोलावून ऐकलं आणि डबा घेऊन गेला. पंधरा दिवसांनी तो परत आला. डोक्याला नवा फेटा आणि कपाळाला गुलाल!

"पयला नंबर, मास्तर! आता म्होरलं तेल कवा काढतासा?"

बाबांनी तीन दिवसांपूर्वीच नवं तेल घातलं होतं. तरी ते उठून पट्टी बघून आले.

* * *

आणि मग दसरा आला.

आदल्या दिवशी बाबांनी शेवटचं तेल बदललं. या वेळी सगळं बरोबर झालं. बूच बरोबर, बाजू बरोबर, तेल पुस्तकातलंच. फक्त बूच बसवताना त्याखालची तांब्याची चकती चिरली. दुसरी सगळ्या कोल्हापुरात मिळाली नाही. सकाळी बघतो तर इंजिनाखालून तेल ठिबकतंय. टप्, आणि पन्नास आकडे मोजले की पुन्हा टप्.

"आता सरदारसाहेबांनी खाली वाकून बघितलं की संपलं," बाबा म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार गाडीला तसाच होता. आईनं माझ्या हातात रांगोळीचा डबा दिला आणि जमिनीवरच्या डागाकडे बोट केलं. मी पुढच्या दोन चाकांच्या मधे मोठं कमळ काढलं. तेलाचा डाग बरोबर मधोमध आला. दर थोड्या वेळानं कमळाच्या पोटात एक काळा थेंब पडायचा.

सरदारसाहेब आले. पांढरी शुभ्र तुमान, रेशमी कोट, जरीचा फेटा. बरोबर दस्तगीरमामा. गल्लीतली सगळी माणसं दारात उभी. बाबांनी गाडी सुरू केली. सरदारसाहेबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ आवाज ऐकला. मग हात वर केला. बाबांनी इंजिन बंद केलं.

"आवाज ठीक आहे," ते म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. "रांगोळी कुणी काढली?"

आईनं मला पुढं केलं.

"छान आहे. मधला हा काळा रंग कुठला गं?"

मी मान खाली घातली. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर टप् करून पडलं.

"लाजरी आहे," आई पटकन म्हणाली.

"हं. पण मास्तर, तेल तुम्ही स्वतःच बदललंत हे मला कसं कळणार? ते खालूनच बघायला हवं. मी बघतो."

त्यांनी फेटा काढून दस्तगीरमामांच्या हातात दिला. कोट काढून दिला. बाह्या वर केल्या. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. सरदारसाहेब माझ्यापासून हातभर अंतरावर गाडीपाशी उकिडवे बसले. मग एक गुडघा टेकला. मग तो उचलून दुसरा टेकला. डावीकडे वाकून बघितलं, उजवीकडे वाकून बघितलं. दस्तगीरमामा आकाशाकडे बघायला लागले.

सरदारसाहेबांनी बोटानं बाबांना जवळ बोलावलं. बाबा वाकले. फक्त बाबांना आणि शेजारी उभ्या मला ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी विचारलं,

"मास्तर, आत आधी डोकं घालायचं की पाय?"

"डोकं, सरकार," बाबा म्हणाले.

सरदारसाहेबांनी गाडीखालच्या अंधाराकडे बघितलं. आपल्या पांढऱ्या तुमानीकडे बघितलं. मग ते उठले, गुडघे झटकले, कोट घातला, फेटा नीट बसवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"खालचं काम चोख आहे! गाडी मास्तरांची!"