आषाढातली मरळ

ती सकाळ मला वासानेच आठवते: ओल्या पोत्याचा, चिखलाचा, आणि त्या दोहोंखालून हळूहळू वर येणारा मासळीचा. रामटेककडच्या आमच्या गावाहून बाबा पहिल्या एस.टी.ने नागपुरात आले होते, आणि माझ्या ओट्यावर त्यांनी सोडलेल्या पोतडीत अंड्यांनी तटतटलेल्या दोन मरळी निपचित पडल्या होत्या. भर आषाढात!

आषाढ लागला की आम्हा ढिवरांच्या गावात घरोघरची जाळी देवळात एकत्र बांधली जात. गाठी बायका मारत, आणि त्या पोळ्यालाच सुटत. तोवर तलाव मासळीच्या बाळंतपणाचा. बाबा त्या रिवाजाचे राखणदार. मी पहिलटकरीण होऊन माहेरी गेले, तेव्हा सीताबर्डीची नायलॉनची साडी नेसलेली ही महाराणी, म्हणजे मीच, तलावाच्या पाळीवर फतकल मारून बसली होती. मासळी मिळाल्याखेरीज उठणार नाही म्हणे! जणू अखिल ब्रह्मांडात गर्भ राहिला तो हिलाच. बाबा शांतपणे म्हणाले होते, "डोहाळे काय तुलेच लागतेत वं? त्या मरळीलेबी लागले असतीन." महाराणी मुकाट उठली आणि अंबाडीची भाजी जेवली.

आणि आज त्यांच्याच हातून हे.

"बाबा, काहून?"

"तलाव लिलावात गेला, बाई. ठेकेदाराची माणसं रोज जाळं ओढून राहिली. आपली जाळी देवळात टांगून. कोणासाठी राखाचं?"

"गाठी कोणी सोडल्या?"

"म्याच."

मी मसाला वाटायला घेतला. दुसरे काय करणार होते? खिडकीतून राखाडी, पाणावलेला उजेड आत झिरपत होता आणि तेलात ती अंडी केशरी होत, तडतडत फुलत होती. उभ्या आयुष्यात बाबांनी आषाढाची मासळी चाखली नव्हती. पहिला घास त्यांनी सावकाश चावला.

"गोड लागते वं," म्हणाले, आणि ताट पुढे केले.

त्यांच्या चेहऱ्यावर मी संताप शोधला, लाज शोधली; तिथे नुसती भूक होती. राखायचे ते पुढच्या वर्षासाठी, आणि ते पुढचे वर्षच कुणीतरी त्यांच्यापासून उचलून नेले होते. मी वाढत राहिले, ते जेवत राहिले. शेवटी माझ्याही ताटात एक तुकडा घेतला.

खरेच गोड होती.