सात नावं आणि सामायिक विहीर

मुंजाजी इंगोल्यांनी आयुष्यात एकदाच वाटणी केली आणि तिचा असा धसका घेतला, की पुढं लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं "एवढी भाजी दोघांत घ्या" म्हटलं तरी ते ताट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसत.

वाटणी धाकट्या हरिचंदाशी झाली होती. रान वाटलं, अंगणात भिंत घातली, म्हशी वाटल्या. दोन्ही भाऊ हळदीच्या व्यापारातले, तर वसमतच्या मोंढ्याजवळचं, म्हणजे घाऊक बाजाराजवळचं, दुकानही मधोमध चिरलं. विहीर तेवढी चिरता येईना. ती सामायिक राहिली. एक दिवस याची बारी, एक दिवस त्याची. त्या बारीवरून भावांत इतकं बोलणं झालं, की शेवटी बोलणंच बंद झालं.

असे हे मुंजाजीराव २००७च्या उन्हाळ्यात इंटरनेटवर गेले.

गेले म्हणजे नेले. नेणारा नांदेडचा प्रमोद. कॉम्प्युटर विकायचा, गॉगल डोक्यावर ठेवायचा आणि कुणालाही मामा म्हणायचा.

"मामा, इंटरनेटवरचं नाव म्हंजे प्लॉट समजा. हायवेचा प्लॉट. आज घेतला तर तुमचा, उद्या दुसऱ्याचा."

प्लॉट म्हटल्यावर मुंजाजीरावांना दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. कोपऱ्याचा घेतला तर शेजारचा घ्यावा लागतो, नाहीतर रस्ता अडतो. वसमतहळद डॉट कॉम झालं, मराठवाडाहळद झालं, हळदकिंग झालं. असं करत सात नावं झाली.

मुलगी सपना नांदेडला कॉम्प्युटरचंच शिकत होती. सुट्टीला आली, यादी वाचली आणि शेवटच्या नावावर थबकली.

"बाबा, हरिचंदहळद डॉट कॉम? हे काहून घेतलं?"

"त्यानं घेऊ नये म्हणून."

"काकांना इंटरनेट म्हंजे काय ते तरी माहीत हाय का?"

"कळंल तवा कळंल. तोवर आपलं कुलूप."

सपनानं कपाळावरचा घाम पुसला आणि शिकवणी सुरू केली. "नुसत्या नावानं काय होत न्हाई, बाबा. नाव म्हंजे दारावरची पाटी. पाटीमागं घर लागतं. फोटो, मजकूर ठेवायला एका मोठ्या मशीनवर जागा भाड्यानं घ्यायची. त्याला म्हणतात होस्टिंग. एकाच जागेत आपली सातही नावं बसतात. साधं शेअर्ड होस्टिंग घेऊ. आपल्याला बास होतं."

"शेअर्ड म्हंजे?"

"म्हंजे त्या मशीनवर दुसऱ्यांच्या बी साइटी असतात."

"सामायिक?"

चहा घेऊन आलेल्या द्वारकाबाई दारातच थांबल्या. या घरात तो शब्द शिवीसारखा होता.

"सामायिकच, पण—"

"बारी कुणाची असती?"

"बारी नसती, बाबा. सगळ्यांचं एकदमच चालतं."

"बारी असून एवढं रामायण झालं. बिनबारीचं सामायिक म्हंजे महाभारतच की! न्हाई पाहिजे."

तिथंच बसलेल्या प्रमोदनं बिस्कीट चहात बुडवलं. "मामा बराबर बोलून राहिले. आपलं ते आपलं. सर्व्हर इथंच टाकू. तुमचं मशीन, तुमचं दुकान, तुमची लाइन. कोणाच्या बापाची तकलीफ नाही."

"प्रमोदभाऊ, वसमतला लाइट किती तास राहते, माहीत हाय का तुमाला?" सपनानं विचारलं.

"यूपीएस देतो ना ताई!" प्रमोद म्हणाला. बिस्कीट चहात पडलं, तेव्हा तो जरा गंभीर झाला.

आठवड्यात घरी सर्व्हर आला. नारळ फुटला, हार पडला, द्वारकाबाईंनी हळद-कुंकू लावलं आणि वर मखमली झूल शिवली. साइट उघडली की वर मुंजाजीरावांचा फेट्यातला फोटो, खाली हळकुंडांचे ढीग, आणि तळाशी किती जण पाहून गेले त्याचा आकडा. महिन्याभरात तो तीनशे बारावर गेला. त्यातले तीनशे नऊ स्वतः मुंजाजीराव होते. उरलेले तीन सपना.

लाइट गेली की सातही दुकानं एकदम बंद पडत.

"मोंढा बी दुपारी झोपतोच की," मुंजाजीराव म्हणत. "गिऱ्हाइकानं टाइम पाहून यावं. असं कर, सपना, लाइट जायचं वेळापत्रक साइटवरच टाकून दे."

"ते वाचायला तरी लाइट पाहिजे ना, बाबा!"

यावर ते दोन दिवस विचार करत होते.

अशात कोचीहून फोन आला. मसाले परदेशी पाठवणारी मोठी पार्टी. "इंगोलेजी, गुरुवार ग्यारह बजे हमारे बड़े साहब आपका साइट देखेगा. पसंद आया तो इस सीजन का पूरा माल आपसे लेगा."

पूरा माल! मुंजाजीरावांनी फोन ठेवला आणि फेटा नसताना फेटा सावरला. वाटणीनंतर मोंढ्यात लोक म्हणत, मुंजाजी एकटा पडला, धंदा हरिचंदानंच ओढला. आता एक ऑर्डर आली की साऱ्या मोंढ्याचं तोंड बंद. आणि भिंतीपलीकडचं आधी.

फक्त गुरुवारी साडेनऊ ते दोन लाइट नव्हती.

लाइनमननं हात जोडले. भाड्याची जनरेटरं लग्नांत गुंतली होती. यूपीएस बारा मिनिटं टिकायचा, तेही मनात आलं तर. साऱ्या गल्लीत एकच जनरेटर उरला होता, आणि तो हळकुंडांचं पॉलिश करायचं यंत्र चालवत भिंतीपलीकडे फटफटत होता.

"काकांकडून तार मागू का?" सपनानं विचारलं.

"मेलो तरी न्हाई."

"तुमी काहून मरता? मरंल ती ऑर्डर."

गुरुवारी पावणेअकराला मुंजाजीराव फेटा बांधून काळ्या पडद्यासमोर बसले. सपना मागच्या दारानं निघाली आणि भिंतीजवळच्या दगडावर चढली.

"काका, एक तार द्या. तासाभरासाठी."

हरिचंदानं हात पुसले. "कोण मागून राहिलं? तू का तुझा बाप?"

"मी."

"तर मग देतो. पण त्याला सांग, माझ्या नावाला त्यानं कुलूप घातलंय म्हणं. ही गोष्ट मला पानटपरीवर कळावी? ते नाव माझं मला पाहिजे."

"देते, काका. माझा शब्द."

"लेकराच्या शब्दावर दिली बग तार. तुझ्या बापाच्या शब्दावर काडेपेटी बी दिली नसती."

पिवळी तार भिंतीवरून आली, खिडकीतून आत शिरली आणि सपनानं मागच्या मागं ती सर्व्हरला जोडली. मशीन घुमू लागलं.

"लाइट आली!" मुंजाजीराव ओरडले. "द्वारके, नागनाथ पावला!"

अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. बडे साहब स्वतः बोलत होते. "हाँ, खुल रहा है... धीरे-धीरे आ रहा है. पगड़ी आया. अच्छा है... अब माथा आया..."

फोन कानाला लावून मुंजाजीरावांनी समाधानानं वर पाहिलं. पंखा बंद होता.

लाइट आली तर पंखा काहून बंद? त्यांची नजर पंख्यावरून बटणावर गेली, बटणावरून मशीनवर, मशीनवरून पिवळ्या तारेवर. तारेसोबत खिडकीबाहेर गेली, भिंत चढली आणि पलीकडं उतरली.

"बाबा, हात लावू नका!"

लावला. नुसता लावला नाही, हिसडा दिला. मशीन एक उसासा टाकून निवलं.

"हॅलो? इंगोलेजी?" बडे साहब म्हणाले. "आँख तक आया था. फिर चला गया."

"साहब, वो... हमारे इधर..."

"कोई बात नहीं. बाद में देखेगा."

ते 'बाद में' काही आलं नाही. पंधरा दिवसांत कोचीचे ट्रक दुसऱ्याच कुणाचा माल भरून गेले.

"फुकटची तार आपल्याला न्हाई पाहिजे," त्या रात्री मुंजाजीराव ताटावर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

द्वारकाबाईंनी भाकरी वाढली. "साहेबानं डोळ्यापोतरच पाहिलं ते बरं झालं. खाली नाक होतं. कापलेलं दिसलं असतं."

दिवाळीच्या सुट्टीत सपनानं कुणाला न विचारता नावं साध्या भाड्याच्या होस्टिंगवर हलवली आणि मग सांगितलं.

"सामायिक?"

"व्हय."

"कुठं हाय ते?"

"अमेरिकेत."

"सोबत कोण हाय?"

"असतील शे-दोनशे. कोण ते आपल्याला बी ठाऊक न्हाई, त्यांना बी न्हाई."

मुंजाजीरावांनी बराच विचार केला. "बांधाला बांध न्हाई, तोंडाला तोंड न्हाई. मग चालतंय. सातही बसली?"

"आपली सहा. सातवं काकांना दिलं, साइट बी करून दिली. शब्द दिला होता."

त्यांनी उठून सर्व्हरवरची झूल नीट केली. सर्व्हर बंद होता, झूल मात्र रोज झटकली जाई.

त्यानंतर सकाळी लाइट असेपर्यंत त्यांचं एक नवं काम सुरू झालं. आधी आपला आकडा बघायचा, मग हरिचंदाचा. धाकटा पुढं तर गेला नाही ना, एवढंच पाहायचं. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. आणि दर वेळी उघडून बघावं तर हरिचंदाचा आकडा एकानं वाढलेला.

"सपने," एक दिवस त्यांनी नांदेडला फोनच केला, "ह्या हरिचंदाच्या दुकानात एवढं कोण येऊन राहिलं गं?"