इंदूचा नवस आणि गाडीचे बुश

देवाशी माझं कधी भांडण नव्हतं, कारण मुळात ओळखच नव्हती. ठाण्याच्या शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत असे आणि ज्याचं मोजमाप होत नाही त्याबद्दल बोलू नये, असं मुलांना ठणकावून सांगत असे. घरातला देव माझ्या पत्नीच्या, इंदूच्या वाट्याला. तिनं पूजा करायची आणि मी प्रसाद खायचा, अशी आमची सरळ वाटणी होती. त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या पोटातल्या गाठीचा आजार पाठीच्या हाडांत उतरला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, आता दीड-दोन महिने. त्यांची काही इच्छा असेल तर पुरी करून घ्या." मी घरी येऊन इंदूला म्हणालो, डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. तिनं नुसती मान हलवली. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा "मी गेल्यावर" असं म्हणून काही बोलू लागे, तेव्हा मी "वेड्यासारखं बोलू नकोस" म्हणून तिला गप्प करत असे. यालाच मी धीर देणं समजत होतो.

तिची इच्छा एकच होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला विषमज्वर झाला होता आणि माझी आशा सगळ्यांनी सोडली होती. तेव्हा तिनं माहेरच्या, आंबिवलीच्या देवीला नवस बोलला होता की हे वाचले तर मी स्वतः येऊन तुझी ओटी भरीन. मी वाचलो. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत नऊ वर्षं गेली. दोष माझाच, मला रविवारची झोप प्यारी होती. आता मी म्हणालो, तुझ्या वतीनं तुझी बहीण भरील. ती म्हणाली, "नवस मी बोलले होते, ओटी मीच भरणार. ते राहिलं तर माझा जीव त्यात अडकेल." ज्या नवसानं मी जगलो होतो, तो मला पटत नसला तरी मोडण्याचा अधिकार मला नव्हता, एवढं मला कळत होतं.

आगगाडीतून तिला नेणं अशक्य होतं. पण माझा थोरला भाऊ आफ्रिकेत नोकरीला जाताना त्याची जुनी विलायती मोटार माझ्या गळ्यात मारून गेला होता. तिची पुढची एक बैठक काढून फळी टाकली की इंदूला आडवं झोपता येई. अडचण वेगळीच होती. चाकांवरच्या पोलादी पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगांची, टोकं गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेली असतात, तिथं रबराचे बुश असतात आणि रस्त्याचा धक्का त्यांत मुरतो. आमच्या गाडीच्या बुशांच्या चिंध्या झाल्या होत्या. खड्डा आला की लोखंडावर लोखंड आपटे. दवाखान्यातून परत येताना तलावपाळीच्या वळणावर गाडी अशीच आपटली आणि इंदू किंचाळली. बारा वर्षांच्या संसारात मी तिला किंचाळताना ऐकलं नव्हतं. आंबिवलीपर्यंत तर असे शेकडो खड्डे होते.

गॅरेजचा मिस्त्री दर वेळी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणे. माझ्याजवळ पुढचे आठवडे मोजके होते. शेवटी मी चिडलो. वर्गात स्प्रिंगचे नियम शिकवणाऱ्याला पाटे काय अवघड, असं म्हणून मुंबईहून बुशांचे दोन संच आणले. दुकानदारानं बजावलं होतं की हे शेवटचे, पुढचा माल विलायतेहून कधी येईल ते सांगता येत नाही. रविवारी सकाळी आवारात गाडी जॅकवर चढवली, सांगाड्याखाली लाकडी ठोकळे लावले आणि गंजलेल्या नटांशी झुंजू लागलो. इंदूचा पलंग खिडकीशी होता. माझ्या तोंडून काय काय बाहेर पडत होतं ते तिला ऐकू जात असावं, कारण ती आतून हसत म्हणाली, "अहो, मुलांना वर्गात हेच शिकवता का?" त्या दिवसांतलं तिचं ते हसणं मला अजून आठवतं.

जुने बुश निघाले, पण नवे बसेनात. आमच्या घरी बिजागरी कुरकुरली तर तेल, शिवणयंत्र अडलं तर तेल, गुडघा दुखला तरी तेल. मी देवघरातली समईच्या तिळेलाची बाटली आणली आणि बुश त्यात चांगले भिजवले. ते सर्रकन आत गेले. चाकं अधांतरी असतानाच मी सगळे नट अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून आवळले आणि स्वतःवर खूष झालो. चार-पाच दिवस गाडी शाळेपर्यंत नेली आणि मग तो आवाज परत आला. उघडून पाहिलं तर नवे बुश फुगून मऊ पडले होते आणि पिळवटून फाटले होते. तोवर इंदूचं जेवण दोन घासांवर आलं होतं.

पुढच्या रविवारी दुसरा आणि शेवटचा संच घेऊन मी गाडीखाली शिरलो. पुन्हा तेलात भिजवलेला पहिला बुश हातात होता आणि हात चालत नव्हता, कारण मागच्या वेळी काय चुकलं हेच मला कळलेलं नव्हतं. मला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी म्हणालो, मला काही येत नाही, तूच बघ. कोणाला म्हणालो ते तेव्हाही माहीत नव्हतं. थोड्या वेळानं गाडीशेजारी दोन अनवाणी पाय येऊन थांबले. मिठागरात राबणाऱ्यांचे असतात तसे भेगाळलेले. "मास्तर, माझी म्हस इकरं आयली का?" आवाज आला. मी नाही म्हणालो. पाय हलले नाहीत. मग एक म्हातारा गृहस्थ वाकून आत डोकावला आणि माझ्या हातातला बुश घेऊन त्यानं त्याचा वास घेतला.

"रबराला त्याल क्याला लावलं? रबर त्याल पितं न् फुगतं. साबनाचा पानी लावा," तो म्हणाला. लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत तो लॉऱ्या दुरुस्त करत असे. मी साबणाचं पाणी आणलं. त्यानं बुश स्वच्छ धुऊन, पुसून, एकेक करून बसवले. मी पाना लावून आवळायला गेलो तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. "थांबा. चाकां लोंबतान तवर नाय आवलायचं. आधी गारी खाली सोरा. तिचा भार तिचे पायांवर येऊं द्या, रबराला आपली जागा घेऊं द्या. मंग आवला. नायतं पयल्याच खड्ड्यान फाटंल." आम्ही गाडी खाली उतरवली. तो चिखलमातीत उताणा पडून एकेक नट आवळत राहिला. इंदूनं खिडकीतून मला त्याला गूळ-पाणी द्यायला सांगितलं. पाणी पिताना त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, हात जोडले आणि म्हैस शोधायला निघून गेला.

पुढे काही महिन्यांनी मी त्याला माजिवड्याच्या बाजूला शोधून काढलं. त्याला ती दुपार नीट आठवतही नव्हती. म्हणाला, "म्हस सुटली नसती तं मी तुमचे इकरं क्याला आयलो असतो?" ती म्हैस त्याआधी कधी सुटली नव्हती आणि नंतरही नाही, असं तो सहज बोलून गेला.

मंगळवारी आम्ही निघालो. आभाळ भरलेलं होतं आणि थंडी बोचत होती. भिवंडीवरून कल्याणपर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखून धरत होतो, पण गाडी नुसती झुलत होती. मागे वळून पाहिलं तर इंदू झोपली होती. आंबिवलीला तिच्या भावानं आणि मी तिला फळीसकट उचलून देवीपुढे ठेवलं. खण, नारळ, मूठमूठ तांदूळ. तिचे हात थरथरत होते म्हणून मी आधार द्यायला गेलो, तर म्हणाली, "नका. माझं मला करू द्या." तांदूळ इकडेतिकडे सांडले, वेळ लागला, पण ओटी तिनंच भरली. मी विचारलं, काय मागितलंस? ती म्हणाली, "मागायला कुठं आले होते?"

परतताना कल्याणच्या खाडीजवळ ती म्हणाली, "गाडी थांबवा, मला बोलायचंय." नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि का कोण जाणे, मी ते गिळलं. गाडी बाजूला घेतली आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं सगळं सांगितलं. बांगड्या बहिणीला द्या, मोरपंखी शालू कोणाला देऊ नका, रागावलात तरी जेवण सोडू नका. मग म्हणाली, "मला फार भीती वाटते हो." इतके दिवस ती एकटी घाबरत होती आणि तिला तसं एकटं मी पाडलं होतं, माझ्या धीर देण्यानं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "मलाही." आम्ही दोघंही रडलो. वरून भुरभुर सुरू झाली तरी आम्ही तिथंच होतो.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. वेदना कमी झाल्या नाहीत. देवीनं तिला वाचवलं नाही आणि तसा नवसही कोणी बोललं नव्हतं. पण त्या एकोणीस दिवसांत आमच्या घरात कोणी खोटं बोललं नाही, आणि शेवटच्या सकाळी तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली नाही. एवढं मला देणारा कोण, ते मी मोजू शकलेलो नाही आणि आता मोजायला जातही नाही. संध्याकाळी तिच्या देवांपुढे दिवा मी लावतो. काही मागत नाही. हात जोडतो, आणि मग जेवायला बसतो.